कुणाची हद्द, कोण चाचा? : क्वोक अ-सिंग खटल्याचं पुन्हा वाचन



आजचा विषय ऐकून मघाशी चहाच्या वेळी दोघा-तिघांनी विचारलं, की दीडशे वर्षांपूर्वीच्या हाँगकाँगमधल्या एका चिनी आरोपीशी आपलं काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. उत्तर व्याख्यानाच्या शेवटी येईल. आधी एक कबुली देतो, कारण आजचं सगळं बोलणं त्या कबुलीतूनच निघालं आहे.

आम्ही वर्षानुवर्षं हा खटला एका ओळीत उरकत आलो. चाचेगिरी म्हणजे काय? समुद्रावरचा दरोडा. आधार काय? क्वोक अ-सिंग, प्रिव्ही कौन्सिल, १८७३. पुढचा मुद्दा. विद्यार्थी वहीत उतरवून घ्यायचे, परीक्षेत तसंच लिहायचे, आम्ही गुण द्यायचो. ज्याच्या नावाने ही ओळ चालते, तो माणूस एका जहाजाच्या पोटात कोंडून पेरूला नेला जाणाऱ्या मजुरांपैकी एक होता, हे आम्ही कधी सांगितलं नाही. सांगणार कुठून? आम्हीच निकालपत्र पूर्ण वाचलेलं नव्हतं. वाचलं तेव्हा लाज वाटली. तेव्हा आज आपण ते निकालपत्र एखादं पुस्तक परीक्षणाला घ्यावं तसं घेणार आहोत. त्यात काय म्हटलंय एवढंच बघून भागणार नाही, काय म्हणायचं टाळलंय तेही बघू.

आधी जागा समजून घेऊ. जानेवारी १८४१ मध्ये इंग्रजांनी हाँगकाँग बेट ताब्यात घेतलं. पुढच्याच महिन्यात कॅप्टन चार्ल्स एलियटने जाहीरनामे काढले. बेटावरच्या चिनी रहिवाशांवर चीनच्या कायद्याने आणि रूढीने राज्य चालेल, मात्र कोणत्याही प्रकारचा छळ वगळून; आणि इंग्रज प्रजेला इंग्लंडचा कायदा लागू राहील. आपल्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये १७७२ साली हेच केलं, आणि आपल्याकडे एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या कायदेसंग्रहातही देशाचा रिवाज, धर्माचा कायदा यांना जागा होती. ज्याचा त्याला कायदा. ऐकायला उदार वाटतं.

पण पुढे काय झालं बघा. त्याच वर्षी विल्यम केन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला मुख्य दंडाधिकारी नेमलं. चिनी माणसाला चिनी रिवाजाप्रमाणे शिक्षा करायची, तीन महिन्यांच्या आतली कैद किंवा शंभरच्या आतले फटके स्वतः द्यायचे, त्यावरचं असेल तर वर कळवायचं, अशी त्याची सनद होती. चिनी कायद्याचं शिक्षण? त्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे 'चिनी कायदा' हे नाव राहिलं, आणि प्रत्यक्षात इंग्रज कप्तानाला चिनी रिवाज जसा वाटला तसे फटके बसले. १८४४ साली सर्वोच्च न्यायालय आलं, इंग्लंडचा कायदा आला. तरी चिनी आरोपीसाठी वेगळी वाट उघडीच राहिली.

आता दुसरी बाजू. १८४३ चा पुरवणी तह आणि पुढे १८५८ चा तिआनजिनचा तह. त्यातलं सोळावं कलम सांगतं, की चिनी माणसाने इंग्रजाविरुद्ध गुन्हा केला तर चिनी अधिकारी चिनी कायद्याने शिक्षा करतील. इंग्रजाने चीनमध्ये गुन्हा केला तर त्याचा न्याय इंग्रज वकिलातच करील. एकविसावं कलम सांगतं, की चिनी गुन्हेगार हाँगकाँगला किंवा इंग्रज जहाजावर पळून आला, तर चिनी अधिकाऱ्यांनी मागणी केल्यावर, गुन्ह्याचा पुरावा पाहून, त्याला परत सोपवायचं.

ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचली, की गोम लक्षात येते. इंग्रज माणूस आपला कायदा खांद्यावर घेऊन फिरतो. तो कँटनमध्ये असो की शांघायमध्ये, त्याचा कायदा त्याच्याबरोबर. चिनी माणसाचं तसं नाही. तो जिथे उभा असेल तिथला कायदा त्याला पकडतो, आणि तो कुठे उभा आहे हे ठरवणारा तिसराच कुणीतरी असतो. हद्द म्हणजे जमिनीवरची रेघ, असं आपण शाळेत शिकलो. इथे हद्द माणसागणिक बदलते.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'अ‍ॅरो' नावाचं जहाज. ८ ऑक्टोबर १८५६. कँटनच्या बंदरात चिनी शिपाई या जहाजावर चढले आणि चाचेगिरीच्या संशयावरून बारा चिनी खलाशांना धरून नेलं. आता बघा: मालक चिनी, खलाशी चिनी, बंदर चिनी, संशय चिनी समुद्रातल्या चाचेगिरीचा. मग इंग्रजांचं काय बिघडलं? जहाजाची नोंदणी हाँगकाँगची होती. कप्तान म्हणून एक आयरिश तरुण नावापुरता ठेवलेला होता. कौन्सल हॅरी पार्क्स भांडायला उठला, की इंग्रज निशाणाचा अपमान झाला. गंमत अशी, की ती नोंदणी अकरा दिवसांपूर्वीच संपली होती. हाँगकाँगचा गव्हर्नर बाउरिंग याला ते माहीत होतं. त्याने पार्क्सला तसं लिहिलंही, की कायद्याने पाहता हे जहाज आपल्या संरक्षणाला पात्र नाही, पण चिन्यांना ते ठाऊक नाही. आणि तरी तोफा धडाडल्या. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये १८५७ च्या मार्चमध्ये २६३ विरुद्ध २४७ मतांनी सरकारचा निषेध झाला. पामर्स्टनने निवडणूक घेतली, जिंकली, आणि युद्ध चालूच राहिलं. कँटनचा सुभेदार येह मिंगचेन कैद होऊन कलकत्त्याला आणला गेला आणि १८५९ मध्ये तिथेच मेला. बारा खलाशांवरची हद्द कुणाची, या वादातून एका साम्राज्याचं कंबरडं मोडलं.

ही पार्श्वभूमी डोळ्यांपुढे ठेवून आता आपण मुख्य खटल्याकडे येऊ.

१८७० च्या ऑक्टोबरमध्ये 'नूव्हेल पेनेलोप' नावाचं फ्रेंच जहाज पोर्तुगीजांच्या मकावहून निघालं. जायचं होतं पेरूला. आत तीनशेवर चिनी मजूर. तेव्हाच्या भाषेत 'कुली'. हा कुलींचा व्यापार १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून १८७४ पर्यंत जोरात होता. क्यूबातले उसाचे मळे, पेरूतले मळे आणि ग्वानो खताची बेटं यांना माणसं हवी होती. गुलामीवर बंदी येत चालली होती, म्हणून आठ वर्षांचा करार निघाला. कागदावर अंगठा. पण तो अंगठा कसा घेतला जाई? दलाल खेड्यापाड्यांतून माणसं आणत. कुणाला नोकरीचं आमिष, कुणी जुगारात हरलेला, कुणी सरळ पळवलेला. मकावात त्यांना कोंडवाड्यासारख्या इमारतींत ठेवायचे, मग जहाजात. जहाजात पहारा, लोखंडी जाळी, जाळीपलीकडे बंदुका. वाटेतच कितीतरी माणसं मरत. बंडं होत, जहाजं पेटत.

'नूव्हेल पेनेलोप'वर निघाल्यानंतर काही दिवसांतच बंड झालं. मजुरांनी कप्तानाला आणि काही खलाशांना ठार केलं आणि जहाज परत चीनच्या किनाऱ्याकडे वळवायला लावलं. किनाऱ्याला लागल्यावर माणसं पांगली. त्यातला एक, क्वोक अ-सिंग, हाँगकाँगला आला. बंडाच्या पुढाऱ्यांपैकी तो एक, असा आरोप. १८७१ मध्ये तो पकडला गेला आणि त्याला चिनी अधिकाऱ्यांच्या हवाली करण्याची तयारी सुरू झाली.

हेबियस कॉर्पसचा अर्ज सरन्यायाधीश सर जॉन स्मेल यांच्यापुढे आला. स्मेल यांनी त्याला सोडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. हे जहाज नावाला प्रवासी जहाज, प्रत्यक्षात गुलामांचं जहाज. ज्याला जबरदस्तीने गुलाम केलंय, त्याला सुटकेसाठी बळ वापरायचा हक्क आहे. त्यात मारणारा मारला गेला तर तो खून होत नाही. आणि दुसरं, हा गुन्हा असेलच तर समुद्रावरची चाचेगिरी, जिचा न्याय हाँगकाँगमध्येच होऊ शकतो. मग चीनकडे सोपवायचं कशाला?

सरकारने हा दुसरा धागा पकडला. ठीक आहे, चाचेगिरी ना? मग चाचेगिरीखाली पुन्हा अटक. स्मेल यांनी पुन्हा सोडलं. म्हणाले, १६७९ च्या हेबियस कॉर्पस कायद्याप्रमाणे एकदा सोडलेल्याला त्याच कारणासाठी परत धरता येत नाही. अटर्नी जनरल लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेले. १८७३ मध्ये लॉर्ड जस्टिस मेलिश यांनी निकाल वाचला. पहिली सुटका बरोबर. दुसरी सुटका चूक.

इथे थांबू. टीका करायची तर आधी समोरच्याचं बळ मान्य करावं, ही आपल्या व्याख्यानमालेची पद्धत आहे.

निकालाचा पहिला भाग खरोखर चांगला आहे. तहातले 'गुन्हे' म्हणजे काय? चिनी सरकारला जे जे खटकेल ते सगळं नव्हे, तर सर्व राष्ट्रं ज्याला गुन्हा मानतात ते. खून हा तसा गुन्हा आहेच. पण चीनबाहेर, खुल्या समुद्रावर, फ्रेंच जहाजावर चिनी माणसाने फ्रेंच माणसाला मारलं, तर चीनच्या कायद्याने तो दंडनीय गुन्हा ठरतो, याचा पुरावा कागदपत्रांत नाही. पुरावा नाही, मग सोपवणं नाही. स्वच्छ, कोरडा तर्क. त्याने एका माणसाची मान वाचली. आजही प्रत्यार्पणाच्या खटल्यांत हे तत्त्व कामाला येतं.

स्मेल यांच्या निकालातही कच्चे दुवे आहेत, तेही सांगायला हवेत. अटक कायदेशीर की बेकायदेशीर एवढंच बघायच्या टप्प्यावर त्यांनी मजुरांच्या मनात काय होतं, कोण पळवलेला आणि कोण राजीखुशीने आलेला, याचा निवाडा केला. ते ज्युरीचं काम होतं. शिवाय त्यांचा संताप पोर्तुगीज मकाव आणि फ्रेंच जहाज यांच्यावर. त्याच सुमारास इंग्रजी निशाणाखाली कलकत्ता आणि मद्रासहून करारबद्ध मजुरांची जहाजं मॉरिशसला, गयानाला जात होती; मॉरिशसला तर १८३४ पासून. त्या कराराला आपल्या लोकांनी 'गिरमिट' म्हटलं. मकावच्या जहाजांना लागणारं सामानसुमान हाँगकाँगच्या बंदरातूनही जात होतं. दुसऱ्याच्या घरातली गुलामी लवकर दिसते. तरीही आम्ही म्हणू, की स्मेल यांना निदान ती दिसली.

आता दुसरा भाग. प्रिव्ही कौन्सिल म्हणतं: चाचेगिरी म्हणजे नाविक न्यायालयाच्या हद्दीत झालेला दरोडा. जहाजावरच्या माणसांनी कप्तानाला बळाने हटवून जहाज आणि माल ताब्यात घेतला, की ती चाचेगिरी. 'पेनेलोप'वर हे घडल्याचा प्रथमदर्शनी पुरावा आहे. म्हणून क्वोक अ-सिंगला सोडायला नको होतं. खटला चालायला हवा होता. हा आरोप वेगळा असल्याने फेरअटकेची मनाईही लागत नाही.

वाक्यं सरळ आहेत. आमचा आक्षेप त्यांच्या सरळपणालाच आहे.

या व्याख्येत कोण कोण बसतं ते मोजा. जहाज आहे. कप्तान आहे. माल आहे. बळजबरी आहे. आता तळमजल्यावर, जाळीआड बसलेल्या तीनशे माणसांसाठी जागा शोधा. नाही सापडत. कप्तानाकडून जहाज हिसकावलं तो दरोडा. आणि त्या तीनशे माणसांकडून त्यांची आयुष्यं कुणी हिसकावली असतील, तर ते काय? व्याख्येला तो प्रश्न विचारताच येत नाही, कारण व्याख्या सुरू होते ती जहाज समुद्रावर आल्यानंतर. मकावच्या कोंडवाड्यात घडलेलं सगळं तिच्या आधीचं. म्हणजे बळजबरीची मोजणी कुठून सुरू करायची, यातच निकाल लागून गेला.

दुसरी गोष्ट. दरोड्याला चोरीची बुद्धी लागते. 'पेनेलोप' कुठे गेलं? लुटीला नाही गेलं. परत गेलं. ज्या किनाऱ्यावरून माणसं उचलली त्याच बाजूला गेलं. आम्ही असं म्हणत नाही, की त्या रात्री कुणी क्रूरपणा केला नाही, किंवा कुणी काही उचललं नाही. माणसं मेली, त्यांचीही घरं होती. पण जहाजाने कुठली दिशा धरली हा हेतूचा पुरावा असतो की नाही? निदान त्याची चर्चा तरी व्हायला नको? जहाज कप्तानाच्या हातून गेलं, एवढ्यावर हेतू गृहीत धरला गेला.

आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची. निकालाचे दोन भाग एकमेकांशेजारी ठेवा. पहिल्या भागात क्वोक अ-सिंग चीनचा नाही: फ्रेंच जहाजावर होता, तात्पुरता फ्रेंच कायद्याच्या छत्राखाली होता, चीनची हद्द सिद्ध नाही. दुसऱ्या भागात तो कुणाचाच नाही: चाचा हा सर्व राष्ट्रांचा शत्रू, म्हणून ज्याला सापडेल त्याने न्याय करावा. सापडला हाँगकाँगला, म्हणून इंग्रजांनी करावा. कुणाचा नाही, म्हणून कुणीही धरावा. ज्या फ्रेंच छत्राने त्याला चीनपासून वाचवलं, त्याच छत्राने जहाजात त्याला काय दिलं, हे कुणी विचारलं नाही. छत्र होतं ते फक्त त्याच्या डोक्यावर काठी उगारताना.

आता तुम्ही म्हणाल, व्याख्या तर जुनीच होती, मेलिश यांनी नवी कुठे केली? खरं आहे. ती त्यांनी घेतली १६९६ च्या एका खटल्यातून, आणि इथे गोष्ट थेट आपल्या दारात येते.

१६९५ मध्ये हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज लुटलं. मक्केहून यात्रेकरू घेऊन ते सुरतेला परत येत होतं. बायकांवर अत्याचार झाले. खाफीखानाने ते लिहून ठेवलं आहे. सुरतेत लोक खवळले. इंग्रज वखारीतल्या माणसांना मुघल अधिकाऱ्यांनी कोंडून ठेवलं. मुंबईची इंग्रज वसाहत हवालदिल झाली. व्यापार वाचवायचा तर चाच्यांना फाशी दिलेली दिसायला हवी होती. लंडनला एव्हरीच्या सहा साथीदारांवर खटला उभा राहिला. नाविक न्यायालयाचे न्यायाधीश सर चार्ल्स हेजेस यांनी तिथे सांगितलं, की चाचेगिरी म्हणजे दुसरं काही नाही, समुद्रावरचा दरोडा. आणि ज्युरीने काय केलं? मुघल जहाज लुटल्याच्या आरोपातून सगळ्यांना निर्दोष सोडलं! मग सरकारने दुसरा आरोप लावला: 'चार्ल्स द सेकंड' हे इंग्रज जहाज त्यांनी स्वतःच्या कप्तानाकडून पळवलं. त्यात शिक्षा झाली, पाच जण फासावर गेले.

बघा हं, 'गंज-ए-सवाई'वरच्या यात्रेकरूंसाठी ती व्याख्या कामाला आली नाही. इंग्रज जहाजासाठी आली. आणि पावणेदोनशे वर्षांनी तीच व्याख्या मकावच्या मजुरावर चालवली गेली. लिखित कायदा सगळ्यांना सारखा असतो म्हणतात. पण तो कुणासाठी उठतो आणि कुणासाठी बसून राहतो, याचाही इतिहास असतो.

इथे आपल्याला आंग्रे आठवणं साहजिक आहे. कान्होजी आंग्रे मराठी राज्याचे सरखेल. त्यांचा दस्तक न घेता जाणारं जहाज ते धरत. पोर्तुगीजही तेच करत, त्याला कार्ताझ म्हणत. इंग्रजही पास देत. तरी इंग्रजांच्या दप्तरांत चाचे ठरले ते आंग्रेच. आपण यावर चिडतो, आणि बरोबरच आहे. पण चिडून आपण काय म्हणतो? 'आंग्रे चाचे नव्हते.' बस. म्हणजे तो शब्द इंग्रजांचाच राहतो, आपण फक्त आपला माणूस त्यातून बाहेर काढतो. क्वोक अ-सिंगला बाहेर काढणारं कुणी नव्हतं. त्याच्यामागे राज्य नव्हतं, आरमार नव्हतं, जयंती-पुण्यतिथी नव्हती. तेव्हा आंग्र्यांच्या बाजूने जो प्रश्न आपण विचारतो, की चाचा कोण हे ठरवणारा कोण, तो परक्या मजुराच्या बाजूनेही विचारला तरच आपला प्रश्न प्रामाणिक.

एक सावधगिरी. यावरून कुणी असं समजू नये, की दक्षिण चीनच्या समुद्रात चाचे नव्हतेच, सगळी इंग्रजांची कल्पना. होते. आणि त्यांचा पहिला मार कोळ्यांना आणि गलबतवाल्या चिन्यांनाच बसायचा. पण राज्य त्यांच्याशी कसं वागलं? १८२५ च्या कायद्याने प्रत्येक चाच्यामागे, तो मेलेला असो की धरलेला, नौसैनिकांना २० पौंड बक्षीस ठरलं होतं. डोक्यामागे दर. दर्यावर दिसणाऱ्या गलबतातला माणूस कोळी की चाचा, हे ओळखण्याची घाई कुणाला असणार? तो कायदा १८५० मध्ये बदलला, सवय राहिली.

१८९० च्या डिसेंबरमध्ये 'नामोआ' ही आगबोट लुटली गेली. लुटारू प्रवासी म्हणून चढले होते. कप्तान मारला गेला. चिनी अधिकाऱ्यांनी पकडलेल्यांचा १८९१ मध्ये कौलून इथे शिरच्छेद झाला. कौलूनचा तो कोट तेव्हा चिनी हद्दीत होता, हाँगकाँगहून पाण्यापलीकडे हाकेच्या अंतरावर. त्या प्रसंगाचं छायाचित्र आहे: वाळूत धडं पडलेली, मागे साहेब लोक उभे. शिक्षा चिनी हद्दीत, म्हणून क्रूरपणा चीनच्या नावावर. बघायला मात्र आपण. हद्दीचा हा उपयोग कुठल्या तहात लिहिलेला नव्हता.

पुढे हाँगकाँगच्या किनारी बोटींवर डेकवरचे चिनी प्रवासी आणि वरचे अधिकारी यांच्यामध्ये लोखंडी जाळ्या बसवल्या गेल्या. 'पेनेलोप'ची जाळी मजूर पळू नयेत म्हणून, ही जाळी प्रवासी वर येऊ नयेत म्हणून. जाळीच्या कुठल्या बाजूला कोण, ते मात्र बदललं नाही.

शेवटचं निकालपत्र १९३४ चं. ४ जानेवारी १९३१ ला दोन चिनी गलबतांनी तिसऱ्या चिनी गलबताचा पाठलाग केला. लूट झालीच नाही. आरोपींना हाँगकाँगला आणलं. ज्युरीने दोषी धरलं, पण वरच्या पीठाने सोडलं, कारण दरोडा झालेलाच नाही. प्रश्न प्रिव्ही कौन्सिलला विचारला गेला. उत्तर आलं, की प्रत्यक्ष लूट आवश्यक नाही, फसलेला प्रयत्नही चाचेगिरीच. आणि क्वोक अ-सिंगमधली ती प्रसिद्ध व्याख्या अपुरी आहे, हेही सांगून टाकलं. साठ वर्षं ज्या ओळीने माणसं तोलली, ती ओळ अपुरी! सुटलेले सुटलेलेच राहिले, पण व्याख्या रुंद झाली.

आता सुरुवातीचा प्रश्न: आपलं काय देणंघेणं?

महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी तिथल्या जुन्या चिनी तुरुंगाबद्दल ऐकलं असेल. साधारण १८३४ ते १८६४ या काळात तिथे चिनी आणि मलाय कैदी होते, शंभर-सव्वाशे. सिंगापूरकडचे कैदी मुंबई इलाख्यात यायचे, मुंबईचे सिंगापूरला जायचे. त्या कैद्यांनी रस्ते केले, भाजीपाल्याचे मळे पिकवले, वेताच्या खुर्च्या-टोपल्या विणल्या. आपण तिथे हवा खायला जातो. म्हणजे ही हद्द आपल्या घाटमाथ्यापर्यंत पोचलेली होती.

आणि न्यायालयापर्यंत तर आजही पोचते. १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे पळवलेलं जपानी मालकीचं जहाज आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने धरलं. पंधरा इंडोनेशियन आरोपी मुंबईत आणले. चाचेगिरीचा आपला कायदाच नव्हता. इंग्रजांच्या काळातले नाविक कायदे धुंडाळावे लागले. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, २००५ मध्ये उच्च न्यायालयात सगळे सुटले. २०२२ मध्ये संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा केला, आणि मार्च २०२४ मध्ये 'रुएन' जहाजावरचे पस्तीस सोमाली आरोपी मुंबई पोलिसांच्या ताब्यात आले. आता 'हाँगकाँग' आपण आहोत. दूरच्या समुद्रातला परका माणूस आपल्या कोर्टात उभा आहे.

या नव्या कायद्याने, संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कराराप्रमाणे, चाचेगिरीच्या मुख्य व्याख्येत हल्ला दुसऱ्या जहाजावर व्हावा लागतो असं धरलं आहे. म्हणजे क्वोक अ-सिंग आज चाचा ठरला नसता. स्वतःच्याच जहाजात उठलेलं बंड त्यात बसत नाही. पण यात हुरळून जाण्यासारखं काही नाही. तो बाहेर राहतो तो कोंडलेला माणूस होता म्हणून नव्हे, तर आतल्या बंडाचा न्याय ज्या देशाचं निशाण त्या देशाने करावा म्हणून. निशाण जिंकलं. माणसाची जागा व्याख्येत अजून रिकामीच आहे.

आमचं म्हणणं एवढंच, की व्याख्या शिकवताना ती कुणाच्या पाठीवर लिहिली गेली, ते सांगावं. आम्ही आमच्यापुरता बदल केला आहे. आता वर्गात ती एक ओळ फळ्यावर लिहिण्याआधी आम्ही जहाज कुठून निघालं, आत कोण होतं आणि ते कुठे परत गेलं, हे आधी सांगतो. त्यात दहा मिनिटं जास्त जातात. जाऊ देत.

प्रश्न घेऊया.